पंचाच्या तोंडाचा वास

आमच्या मामंजींच्या नाकाला पिंपळे गुरवात जेवढा मान होता, तेवढा गावच्या पाटलालाही नव्हता. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे यशोदाबाईंनी, मला पहिल्याच आठवड्यात बजावलं, "ह्यांच्याम्होरं कांदा चिरू नगंस. नाक खराब हुतं." मला हसू आलं. कुणाचं पोट नाजूक असतं, कुणाची छाती. आमच्याकडे सासऱ्यांचं नाक नाजूक होतं आणि सगळं घर त्याच्या तालावर चालायचं.

हिंदुराव जगताप त्यांचं नाव, गाव त्यांना नाना म्हणे. धंदा दुधाचा. थोड्या म्हशी घरच्या, बाकीचं दूध गावातून गोळा करायचं, सायकलला किटल्या अडकवायच्या, पवना नदीच्या उतारातून, म्हणजे जिथे पाणी उथळ तिथून, पलीकडे जायचं आणि पिंपरीकडे नव्याने उभ्या राहिलेल्या कारखान्यांच्या बंगल्यांवर घालायचं. दूध घेताना ते चाखत नसत. आधी चरवीवर वाकायचे, एकदा हुंगायचे, मग माप. "हे दुपारपातुर टिकायचं न्हाई," म्हणाले की बाई मुकाट्याने चरवी उचलून घरी जायची. कुणी त्यांच्याशी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

या नाकापायीच पोलिसांनी त्यांना धरलं. आरोपी म्हणून नव्हे, पंच म्हणून. दारूबंदीचे दिवस होते. कुणाला प्यालेला म्हणून पकडलं की पंचनामा व्हायचा, आणि त्याला गावातली चांगल्या चालीची माणसं लागायची. त्यांनी आरोपीच्या तोंडाचा वास घ्यायचा, दारूचा आहे की नाही ते सांगायचं आणि खाली सही करायची. इतर पंच नाकाला उपरणं लावून लांबूनच मान डोलवत. मामंजी तसले नव्हते. ते आरोपीला समोर उभा करत, चूळ भरू देत नसत, वेलदोडा चघळू देत नसत, तीनदा "हा" करायला लावत, डोळे मिटत आणि मग निकाल देत. "म्या तोंडाचा वास घेतो, सदऱ्याचा न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांची सही पाहिली की कोर्ट पुढे फारसं विचारत नाही, असंही ते सांगत. खरंखोटं कोर्ट जाणे.

हवालदार दौलतरावाला असा पंच म्हणजे घबाडच. तो माणूस दारूबंदीच्या कामावर होता आणि केसेस केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तो आला की आमच्या ओसरीवर बसे, दूध पिई, मिशा पुसे आणि म्हणे, "चला हिंदुराव, एक प्यालेला गावलाय." वाटेत त्याचं नाव, गाव, किती प्याला, कुठे प्याला, सगळं सांगून होई. मामंजी तिथे पोचेपर्यंत तो माणूस प्यालेला आहे हे त्यांना ठाऊकच असे. मला तेव्हाही हे खटके. पण नवी सून ती, बोलणार कुणाजवळ?

अशाच एका दिवशी ज्योतीरामला धरलं. नदीच्या उताराला लागून त्याचं घर. गरीब, पण सरळ माणूस. नुकतीच त्याला पलीकडच्या एका कारखान्यात फाटकावर नोकरी लागली होती, खाकी कपडे मिळाले होते, ते त्याची आई रोज दगडावर आपटून धुवायची. त्या संध्याकाळी तो प्यालेल्या मावसभावाला खांद्यावर टाकून घरी आणत होता. मावसभाऊ वाटेत त्याच्या अंगावर ओकला आणि पोलीस दिसताच उसात पळाला. हातात सापडला तो ज्योतीराम. तो कळवळून सांगत होता, म्या न्हाई प्यालो. मामंजींनी तीनदा "हा" करायला लावलं आणि म्हणाले, "हातभट्टीची हाय." ज्योतीराम तीन महिने आत गेला. सुटून आला तेव्हा फाटकावर दुसरा माणूस उभा होता. मग तो नदीतली वाळू उपसायला लागला.

मामंजींची वाट रोज त्याच्याच दारावरून. उताराला दुसरी वाट नव्हतीच. ज्योतीराम दिसला की ते सायकल हाणत आणि समोर बघत जात. त्यांना काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. नाकाने सांगितलं, आपण सांगितलं, असा त्यांचा हिशेब होता.

आता बंगल्याची गोष्ट. पिंपरीच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला जर्मन साहेब आला होता. त्याला पिण्याचा परवाना होता, आणि त्याच्या देशातून बिअरच्या पेट्या येत, गवतात गुंडाळलेल्या हिरव्या बाटल्यांच्या. त्याच्याकडे बरकतभाई स्वयंपाकी. खडकीच्या गोऱ्या पलटणीत भटारखान्यात वाढलेला माणूस, इंग्रज गेल्यावर बरेच दिवस रिकामा बसला होता. मामंजींची आणि त्याची दुधावरून दोस्ती जमली होती. पुढचं मला निम्मं बरकतभाईंनी सांगितलं, निम्मं मामंजींनी, आणि दोघांचं सांगणं कुठेही वेगळं पडलं नाही.

दौलतरावाने बरकतकडे एक बाटली मागितली होती. "पाहुणे येणार हायेत, साहेबाला काय कळतंय." बरकत म्हणाला, "हवालदारसाब, नोकरी जाईल माझी." दौलतराव हसला आणि गेला. तो हसून गेला तेव्हाच बरकत समजला, आता हा डूख धरणार.

मेच्या उन्हाळ्यात एक दिवस कोठीत बाटली फुटली आणि बिअर बरकतच्या सदऱ्यावर सांडली. तो फरशी पुसत होता तेवढ्यात दौलतराव शिपायाला घेऊन मागच्या दाराने हजर. दैवाची खोड बघा, त्याच वेळी मामंजी दुपारचं दूध घेऊन पायरीशी आले.

"बरं झालं आलासा," दौलतराव म्हणाला. "साहेबाची बिअर चोरून प्यालाय. घ्या वास."

बरकतने तीनदा "हा" केलं. मामंजींनी डोळे मिटले. तंबाखूचा वास आला, लसणाचा आला, आणि सगळीकडून एक तिसराच वास आला. भिजवून विसरलेल्या ज्वारीसारखा, जरा आंबूस, जरा पालापाचोळ्याचा. तो तोंडाचा की सदऱ्याचा की फरशीचा, ते त्यांना सांगता येईना. हातभट्टी त्यांना ठाऊक होती, ताडी ठाऊक होती. हा वास त्यांनी जन्मात घेतला नव्हता.

"मला ह्यो वास म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "सही न्हाई करायचा."

"दारू ती दारू, हिंदुराव."

"आसंल. पर म्या वळखल्याबिगर सांगत न्हाई."

आवाज ऐकून साहेब बाहेर आला. बरकतने मोडक्यातोडक्या बोलीत त्याला समजावलं की हा दूधवाला वास घेऊन न्याय करतो आणि त्याला बिअरचा वास माहीत नाही. साहेबाला ते भलतंच आवडलं. त्याने फ्रिजातून बाटली काढली, काचेच्या उंच पेल्यात तिरकी ओतली आणि मामंजींच्या हातात दिली.

मामंजींनी नुसतंच हुंगलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. ते हुंगले, आणि त्यांच्या डोक्यात आलं की पेल्यातला वास वेगळा, प्यालेल्या माणसाच्या तोंडातला वेगळा. कच्च्या दुधाचा वास निराळा आणि दूध प्यालेल्या पोराच्या तोंडाचा निराळा, हे त्यांना ठाऊक होतं. मग तोंडातला वास तोंडात घेतल्याशिवाय कसा कळणार? प्रामाणिक माणूस ज्या खड्ड्यात पडतो तो बहुतेक त्यानेच खणलेला असतो, असं मला त्यांच्याकडे बघून वाटायचं.

पेल्यावर बोटभर पांढरा फेस होता, धारोष्ण दुधावर येतो तसा. हात मात्र गारठत होता. फेस पाहून जिभेने नकळत दुधाची तयारी केली, आणि फेसाखालून आलं ते कडूजार. आधी थंडीने दात शिवशिवले, मग जिभेच्या मागे कडवटपणा पसरला, मग नाकातून भाकरीच्या भाजक्या पापुद्र्याचा वास वर आला. डोळ्यांत पाणी आलं. थुंकायचं ठरवलं होतं, पण साहेबाच्या झकझकीत फरशीवर, साहेबाच्या समोर, त्यानेच दिलेलं थुंकायचं कसं? त्यांनी गिळलं. साहेबाने टाळी वाजवली आणि "प्रोस्ट" की काय ते म्हणाला. सबंध आयुष्यात मामंजींनी घेतलेला तो एकच घोट. मी एकदा धीर करून विचारलं होतं, चव कशी होती. ते म्हणाले, "वाईट नव्हती, तिथंच घोटाळा झाला."

त्यांनी तळहातावर श्वास सोडला, हुंगला. मग बरकतला पुन्हा "हा" करायला लावलं. आता शंका उरली नाही.

"ह्याच्या तोंडाला न्हाई," ते म्हणाले. "सदऱ्याला हाय."

इतक्यात कारखान्यातून गाडी आली. कुठलं तरी यंत्र अडलं होतं. साहेब टोपी घालून हसत हसत निघून गेला. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत दौलतराव थांबला.

"आणि तुमच्या तोंडाला, हिंदुराव?"

मामंजींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी धोतराचा सोगा तोंडावर धरला.

"तुमच्याकडं परवाना हाय का? न्हाई. तवा आता आयका. बरकतच्या पंचनाम्यावर सही करा आन् किटल्या घिऊन घरला जावा. न्हाईतर तुमचा पंचनामा करतो आन् बरकत त्यावर पंच." त्याने बरकतकडे पाहिलं. "काय रे? ह्यांचा वास घिशील का? घेतलास तर तू सुटलास."

बरकत हातातलं फडकं पिळत राहिला. दौलतरावाने दोघांनाही कोठीत ढकललं, बाहेरून कडी घातली, शिपायाला दाराशी बसवलं आणि दुसरा पंच आणायला गेला. "तवर इचार करा," म्हणाला.

कोठीला एक हातभर जाळी, तीही भिंतीच्या वर. खाली बिअरच्या पेट्या, तांदळाची पोती, मसाल्याचे डबे. पत्रा तापलेला. दोघंही दारापासून लांब, एकमेकांपासूनही लांब बसले. मामंजी सांगत, त्यांना स्वतःचाच वास येत होता. तोंड मिटलं तर नाकातून यायचा, नाक दाबलं तर तोंडात घुमायचा. इतकी वर्षं ज्या नाकाला त्यांनी जपलं, ते आता त्यांच्यावरच पाळत ठेवून होतं.

"भाऊ, लवंग आहे इथं," बरकत डबा उघडत म्हणाला. "चावा. वास मरेल."

मामंजींनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "न्हाई. म्या लोकास्नी चूळ भरू दिली न्हाई."

"लोकांचं सोडा हो."

"सुटत न्हाई."

बरकतने स्वतःच्या तोंडात लवंग टाकली. थोड्या वेळाने तो खाली बघत म्हणाला, "मी खोटं नाही बोलणार तुमच्याशी. झुलेखाचे दिवस भरलेत. मला तुमच्यापुढं उभं केलं, वास घ्यायला सांगितलं, तर मी काय करीन, मला ठाऊक नाही."

"मलाबी ठावं न्हाई," मामंजी म्हणाले. सही करून टाकावी असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, आणि सांगताना भिंतीकडे तोंड केलं होतं. सही केली तर बरकत आत. नाही केली तर पंच हिंदुराव प्यालेला म्हणून आत, आणि मग आजवर त्यांनी ज्यांना ज्यांना आत धाडलं ते सगळे गावाच्या पारावर बसून हसणार. घरी यशोदाबाई वाट बघत असतील, धारा खोळंबल्या असतील. बाहेर किटल्यांतलं दूध उन्हात तापत होतं. ते नासत चाललंय हे त्यांना आत बसून कळत होतं आणि काही करता येत नव्हतं.

कडी वाजली. दौलतराव आत आला आणि त्याच्यामागे ज्योतीराम. गुडघ्यापर्यंत ओली वाळू, डोक्याला फडकं.

दौलतरावाने मुद्दाम निवडून आणला होता. याच्यापेक्षा आनंदाने सही करणारा माणूस त्याला पंचक्रोशीत मिळाला नसता. "ज्योतीराम," तो म्हणाला, "हे तुझे नाना. बिअर प्यालेत. घे वास."

मामंजी उठून उभे राहिले. टोपी सरळ केली. ज्योतीराम जवळ आला, अगदी ते स्वतः उभे राहत तितका जवळ.

"नाना," तो शांतपणे म्हणाला, "तीनदा हा करा."

त्यांनी केलं. ज्योतीरामने डोळे मिटले. तो घाईत नव्हता.

"दुधाचा वास येतोय," ज्योतीराम म्हणाला.

"नीट घे."

"नीटच घेतला. दूधवाल्याच्या तोंडाला दुधाचाच येणार की. आन् ह्या खानसाम्याच्या तोंडाला लवंगेचा येतोय, हितं हुभा ऱ्हाऊनच कळतंय. सदऱ्याला काय आसंल ते आसंल."

"तुला आत घालीन," दौलतराव म्हणाला.

"घातलंय की एकदा."

पंच फिरले, साक्षीदार साहेब, आणि साहेबानेच ओतून दिलेली. दौलतरावाने मनाशी जमाखर्च मांडला असावा. त्याने शिपायाला हाक मारली, बरकतला पुन्हा बघून घेतो म्हणाला आणि गेला. बरकतला त्याने पुढे कधी बघितलं नाही, त्याचीच बदली झाली.

मामंजी आणि ज्योतीराम नदीपर्यंत बरोबर आले. किटल्या पायरीशीच ओतून दिल्या होत्या, रिकाम्या सायकलीवर त्या वाजत होत्या. उताराच्या मध्यावर, गुडघाभर पाण्यात मामंजी थांबले.

"ज्योतीराम, तुला वास आला न्हाई?"

"आला की, नाना."

"मंग?"

"त्या रोजी माझ्या तोंडाला नसलेला तुमास्नी आला," ज्योतीराम म्हणाला. "आज असलेला मला आला न्हाई." एवढं बोलून तो पाणी कापत पुढे गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, असं मामंजी म्हणत. राग असता तर बरं झालं असतं, असंही म्हणत.

घरी आले ते न जेवता झोपले. पुढच्या वेळी पंच म्हणून बोलावणं आलं तेव्हा मामंजींनी सांगितलं, सर्दी झाली, नाक गेलं. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मग ते कायमचंच गेलं म्हणाले. सुटायला एवढीच एक वाट होती, पण तिच्यात ते पुरते कोंडले. नाक गेलेला माणूस दूध कसं हुंगणार? चरवीवर वाकणं बंद करावं लागलं. बायका दूध आणत, ते मला हाक मारत, "सूनबाई, तू बघ." मी बघायचे, मला काय कळतंय? कधी दूध फाटायचं, गिऱ्हाइकं बोलायची, ते खाली मान घालून ऐकायचे. मी त्यांच्यासमोर कांदा चिरायला लागले. ते डोळे पुसत, पण उठून जात नसत. सासूबाईंनाही त्यांनी खरं सांगितलं नाही. मला सांगितलं ते फार नंतर, आणि का सांगितलं तेही आता सांगते.

दोनेक वर्षांनी ज्योतीरामने म्हैस घेतली. पहिलं दूध घेऊन तो आमच्याच दारी आला. आई म्हातारी झाली होती, तीही मागून काठी टेकत आली, कौतुकाने. ज्योतीरामने चरवी पुढे ठेवली. मामंजी सवयीने वाकले, आणि मी शेजारीच उभी होते म्हणून मला दिसलं, त्यांच्या नाकपुड्या हलल्या. चेहरा किंचित बदलला. मग ते सरळ झाले.

"सूनबाई, तू बघ."

मी हुंगलं. मला ते दुधासारखंच वाटलं. मी मामंजींकडे पाहिलं, ते दुसरीकडे बघत होते. "चांगलं हाय," मी म्हणाले.

"चांगलं हाय," मामंजीही म्हणाले आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने मोठ्या किटलीत, सगळ्या गावच्या दुधात ओतलं.

दुपारी ते परत आले तेव्हा किटली जड होती. सगळं दूध फाटलं होतं. मी ओसरीवर उभी राहून विचारलं, "मामंजी, तुमास्नी सकाळीच कळलं हुतं ना?" तेव्हा त्यांनी मला खाली बसायला सांगितलं आणि बंगल्यापासूनची सगळी हकीकत सांगितली. सांगून झाल्यावर उठले, किटली नदीवर नेऊन ओतली, घासली, आणि येताना ज्योतीरामच्या दाराशी थांबून त्याच्या आईला म्हणाले, दूध झ्याक होतं, उद्या पण धाडा.